पितळी पेनला कल्हई

मला लिहायचं काही नसतं, तरी माझ्याकडे पेन पुष्कळ आहेत. बंदराजवळ, द्रोणागिरीच्या एका गोदामात माझी नोकरी. तिथे कंटेनर येतो, स्कॅनर टुंक करतो, कंटेनर जातो. दिवसभरात माझ्या हातून कागदावर काय उमटत असेल तर चहाच्या कपाची गोल खूण. तरीही सकाळी कामोठ्याहून निघताना शर्टाच्या खिशात पेन हवाच, आणि तोही पितळेचा नाहीतर तांब्याचा. माझ्या सगळ्या शर्टांचे खिसे डाव्या बाजूला लोंबतात. बायको म्हणते, "अहो, लांबून बघितलं तर वाटतं खिशात कुलूप घेऊन फिरताय."

पेन निवडायची माझी एक पद्धत आहे आणि ती मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. आधी वजन. त्यासाठी स्वयंपाकघरातला काटा लागतो, म्हणून बायको केक करत नसेल अशी वेळ गाठावी लागते. मग आटे बघायचे. टोपण फिरवताना अडखळायला नको आणि सैलही नको. मग बोटावर आडवा ठेवून तोल बघायचा. सगळ्यात शेवटी वास. पितळेचा वास बोटांना बेताने लागतो. तांब्याचा मात्र असा चिकटतो, की हात जुन्या बस कंडक्टरसारखे वास मारतात. हे सगळं झाल्यावर लिहून बघायचं असतं, पण तोवर मी बहुतेक वेळा पैसे दिलेले असतात.

निगा राखायची तर मुळीच राखायची नाही, हा आमच्यातला मोठा नियम. 'आमच्यातला' म्हणजे आमचा फोनवरचा एक ग्रुप आहे, त्यातला. पेन घासायचा नाही, चिंच दाखवायची नाही, लिंबाच्या जवळपास न्यायचा नाही. हाताच्या घामानं तो रापला पाहिजे. मग त्याचा फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी 'काय रंग धरलाय!' म्हणून हळहळायचं. पुण्याची मंडळी माझ्यावर जळतात, कारण इथल्या खाडीच्या वाऱ्यात पेन चार दिवसांत काळपट-हिरवा पडतो. त्यात माझं कर्तृत्व शून्य. पण मी फोटोखाली 'संयम लागतो' असं लिहितो.

आमच्या ओट्यापाशी बायको चिंच लावून देवाचा तांब्या घासत असते आणि शेजारी मी सुती फडक्यात पेन धरून उभा असतो, शिंतोडा उडू नये म्हणून. ती एकदा म्हणाली, "देवाचं भांडं लख्ख आणि तुमचा पेन जळक्या लाकडासारखा. ह्यात देव कोण ते तरी सांगा." मी पेन फडक्यात आणखी गुंडाळला. अडाण्याशी वाद घालू नये, असं तेव्हा वाटलं होतं.

हा शौक असाच चालला असता. पण त्यात आई आली.

आई मूळची पावणे गावाच्या बाजूची. आमचं गाव आता कारखान्यांच्या मधोमध अंग चोरून बसलंय. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे कामोठ्याला आली. येताना एक पेटी, एक कोयता आणि तिची बोली घेऊन आली. सोसायटीतल्या बायकांना ह्या तिन्हींची भीती वाटते. गेल्या दोन-तीन वर्षांत तिचा हात हलायला लागलाय. चहाची बशी तिच्या हातात असली की बशी वाजते. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, घाबरण्यासारखं नाही. ती घाबरलीही नाही. बशी सोडून ती फुलपात्र वापरायला लागली.

महिन्यातून एकदा आई बँकेत जाते. खातं तिचं, पैसे तिचे, मासळी विकून साठवलेले. गावदेवीच्या जत्रेला ओटीचं लुगडं ती ह्याच पैशातून घेते, माझा रुपया त्याला चालत नाही. स्लिपवरचे आकडे मी किंवा बायको लिहितो, सही ती करते. ह्या सहीची एक गोष्ट आहे. नव्या शहरासाठी गावच्या जमिनी गेल्या तेव्हा आई नवी सून होती. आजोबांनी कागदांवर अंगठे दिले ते तिनं दारात उभं राहून बघितलं. पुढे गावात बायकांसाठी रात्रीचा वर्ग निघाला, तेव्हा बाजारातली पाटी उतरवून, हाताचा मासळीचा वास तसाच ठेवून ती जाऊन बसली. वाचायला ती फार शिकली नाही. सही मात्र शिकली. "अंगठा हाय तो भाकर थापावला," असं ती म्हणते आणि विषय संपवते.

तर जत्रा तोंडावर आली असताना आई बायकोबरोबर बँकेत गेली आणि पैसे न घेता परत आली. बायको बाहेर रिक्षा थांबवून उभी होती, त्यामुळे आत काय झालं ते तिलाही कळलं नव्हतं. मी विचारलं तर आई एवढंच म्हणाली, "अंगठा लाव बोल्ला मना." त्या दिवशी ती जेवली नाही. मी म्हटलं, "आई, लुगडं मी आणतो ना." त्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी उठून गॅलरीत गेलो. वाईट वाटलंच. तिला इतकं मुकाट बसलेलं मी बाबा गेले तेव्हाच बघितलं होतं.

गॅलरीत मला सगळं लख्ख समजलं. हात हलतो, म्हणून सही हलते. सही हलते, म्हणून जुनीशी जुळत नाही. जुळत नाही, म्हणून अंगठा. आणि मग आठवलं, की बशी धरताना हलणारा हात कोयता धरला की हलत नाही. घोळ मासा साफ करताना मी तो पुष्कळदा बघितलाय, एखाद्या डॉक्टरचा असावा तसा चालतो. का? तर कोयता जड असतो! म्हणजे जड वस्तूनं हात थांबतो. म्हणजे आईला जड पेन हवा. म्हणजे जगात जो एक माणूस तिला वाचवू शकतो तो इथे गॅलरीत वाळत टाकलेल्या कपड्यांमध्ये उभा आहे. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या छंदाला काहीतरी अर्थ आला होता. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "आहेत त्यातला एखादा द्या की."

आहेत त्यातला! आहेत ते सगळे माझ्या हाताला बसलेले. आईच्या सहीसाठी खास पेन नको का? शिवाय ग्रुपवर एक जाडजूड पितळी पेन विकायला आला होता, निबाचा, आणि त्याच्या पोटात शाई थेट ओतायची. तो मला महिनाभर स्वप्नात दिसत होता. आईच्या दुखण्याला लावून मी तो मागवला. हे वाक्य लिहिताना आता लाज वाटते, तेव्हा मात्र मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

पेन आला. आईनं तो तळहातावर घेऊन दोनदा वरखाली केला, बाजारात वजन मारलंय का बघावं तसा. मी शाईची बाटली उघडली आणि नळीत थेंब थेंब सोडायला लागलो.

"यात काय वततंस?" आई म्हणाली.

"शाई."

"पितलेत? कल्हई हाय काय आत?"

मी हसलो. पण हसू अर्ध्यातच थांबलं. आमच्या घरात पितळेच्या भांड्यात बिनकल्हईचं ताक कधी कुणी ठेवलेलं नाही. ठेवलं तर कळकतं, हिरवं होतं, पोटात कळ आणतं. आणि शाई? शाई आंबट असते का? फोनवर शोधलं तर कुणी असते म्हणत होतं, कुणी नसते म्हणत होतं. अशा वेळी शहाणा माणूस जे करणार नाही ते मी केलं. बाटलीच्या बुचाला लागलेली शाई चाटून बघितली. चव मला नक्की कळली नाही, पण दुसऱ्या दिवशी गोदामातले सगळे माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे बघत होते. दुपारी आरसा पाहिला तेव्हा कळलं की जीभ जांभळी आहे.

आई बोलली त्यात पिढ्यांचं ज्ञान आहे, असं मी ठरवून टाकलं. ग्रुपवर लगेच लिहिलं: 'आपल्या परंपरेत पितळेला कल्हई असायची. पेनलाच का नाही?' कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. ते कौतुकानं टाकलं की काकुळतीनं, हे मी विचारायला हवं होतं.

पनवेलच्या जुन्या बाजारात एक कल्हईवाला बसतो. भाता, कोळसे, सगळं जागच्या जागी. मी निबवाला पुढचा भाग काढून घरी ठेवला होता, एवढी अक्कल अजून शाबूत होती. नळी आणि टोपण त्याच्या हातात दिलं. त्यानं ते डोळ्याला लावून आतून बघितलं.

"हे काय हाय, साहेब? दुर्बीण?"

"पेन आहे. आतून कल्हई हवी."

असं काम त्याच्याकडे कधी आलं नसणार. पण तो माझ्याच जातकुळीचा निघाला, नाही म्हणणं त्याला माहीत नव्हतं. "करून टाकू! टेन्शन नाय," म्हणाला आणि एका तारेला कापूस गुंडाळायला बसला. नळी निखाऱ्यावर गेली. नवसागराचा पांढरा धूर उठला, नाकात झणझणलं. कथील आत वितळलं, कापसाचा बोळा फिरला, आणि पाण्यात टाकताच चर्र झालं. दोघेही खूश. मी फोटो काढला. नळीचं पोट आतून चांदीसारखं चमकत होतं. त्यानं टोपणालाही आतून कल्हई केली, वर "आट्यांना पन मारली, साहेब, एकदम पॅक," असं अभिमानानं सांगितलं.

त्या 'पॅक'चा अर्थ घरी आल्यावर कळला. आट्यांच्या खाचा कथलानं भरून गुळगुळीत झाल्या होत्या. टोपण फिरेना. नुसतं वर ठेवलं तर डुगडुगायचं. निबवाला भाग तरी बसावा म्हणून मी नळीत शाई भरली, आट्यांना साबण लावला आणि पक्कड घेऊन जोर केला. तो बसला. असा बसला, की आता जन्मात निघणार नाही. म्हणजे काढून पुन्हा शाई भरण्याचा प्रश्न मिटला. एकदा भरलेली शाई संपली की पेन संपला. महिनाभर स्वप्नात आलेल्या पेनाची ही अवस्था. वर पक्कडीचे दात उमटले ते वेगळेच. ज्या माणसानं चिंचेचा शिंतोडा उडू दिला नव्हता त्यानं पेन विस्तवावर भाजून आणला होता. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

बायकोनं पेन हातात घेऊन फिरवून बघितला. तिनं खोकल्याच्या औषधाच्या ड्रॉपरचं रबरी बोंडूक आणून निबावर चढवलं. ते चपखल बसलं.

आईला मी कल्हईची पूर्ण हकीकत सांगितली. तिनं पेन कानाशी नेऊन हलवला, आतल्या शाईचा आवाज ऐकला. "जल्ला मेला," ती म्हणाली, "आता यात ताक ठेवलास तरी चालंल." मग मात्र माझ्या तोंडाकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे. "दे बगू हिकडं," म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं टाकलं. आईनं पेन मुठीच्या जवळ, खाली धरला. पहिली सही निब दाबून केली, कागद फाटला. "आई, दाबू नकोस, नुसता सरकव." दुसऱ्यांदा तिनं सरकवला. आणि मी खरंच सांगतो, रेघ हलली नाही. पितळेच्या वजनानं हात खाली बसला होता. पहिलं अक्षर गोल आलं, मग काना सरळ आला, मग वरची रेघ एका दमात गेली. ओठ आत ओढून घेऊन ती सही करत होती, रात्रीच्या वर्गात अशीच बसत असेल. माझा विचार बरोबर होता! सगळ्या मूर्खपणाच्या आत एक दाणा बरोबर निघाला होता. माझे डोळे भरून आले. ते आईसाठी होते की स्वतःसाठी, हे मला आजही खात्रीनं सांगता येणार नाही.

रोज दुपारी ती थोडा सराव करायची. शाई पुरवायची होती, त्यामुळे मी कंजूषासारखा बाजूला उभा राहून "बास आता" म्हणायचो. सुट्टीच्या दिवशी कॅलेंडरची सगळी पानं मांडून बघत बसायचो. शाळेत मला कुणी सुंदर अक्षरासाठी बक्षीस दिलं नाही, त्याचा सगळा वचपा मी काढून घेत होतो.

बँकेत जायच्या दिवशी मी रजा टाकली. काउंटरवर एक तरुण मॅडम होत्या. मी स्लिप सरकवली, खिशातून पेन काढला, रबरी बोंडूक ओढून काढलं आणि तलवार द्यावी तसा आईच्या हातात दिला. मागच्या रांगेतल्या माणसानं बोंडकाकडे निरखून बघितलं. आईनं सही केली. सराव केलेल्या सगळ्या सह्यांपेक्षा ती सुंदर आली.

मॅडमनी स्लिप बघितली, स्क्रीन बघितला, पुन्हा स्लिप बघितली.

"आजी, सही मॅच होत नाहीये."

"अहो, अशी कशी होत नाही?" मी मधे पडलो. "नीट बघा. एक रेघ हललेली नाही!"

"तेच ना, सर," मॅडम म्हणाल्या, आणि स्क्रीन किंचित आमच्याकडे वळवला. तिथे आईची सही होती. दोन वर्षांपूर्वी सगळ्यांचे कागद नव्यानं घेतले तेव्हा दिलेली. ती थरथरत, वर-खाली होत, कडेला पोचता पोचता जरा घसरून संपत होती. "रेकॉर्डला ही आहे. ही स्लिपवरची दुसऱ्या कुणीतरी केल्यासारखी वाटते."

"पण मग मागच्या वेळी अंगठा का मागितला?" मी विचारलं.

मॅडमनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "त्या पोऱ्यानं. माजी सही व्हावला टाइम लागतंय, मागं लाइन होती. बोल्ला, आजी, अंगठा लाव, फटाफट व्हईल."

म्हणजे सही जुळत नाही असं कुणी म्हटलंच नव्हतं. कुणीतरी घाईत होता, एवढंच. गॅलरीतल्या कपड्यांत उभं राहून मी जे लख्ख समजलो होतो त्यातलं पहिलंच वाक्य चूक होतं, आणि त्यावर मी पेन, शाई, कल्हई, पक्कड असा चार मजली टॉवर चढवला होता. मला काय वाटलं ते सांगतो: राग आला. आईचाच. आधी नीट सांगितलं का नाहीस? पण विचारलं तरी कुठे होतं मी?

"दुसरी स्लिप देऊ?" मॅडमनी विचारलं. "किंवा आजी, हवं तर नवीन सही रेकॉर्डला घेऊ आपण. ह्या पेननं करा, छान येते."

मी पुन्हा पेन पुढे केला. आईनं तो घेतला नाही. काउंटरला सुतळीनं बांधलेला, टोपण हरवलेला प्लास्टिकचा पेन तिनं उचलला. हात हलायला लागला. सुतळीही हलायला लागली. मागचा माणूस घड्याळ बघत होता. आई थांबली, पुन्हा लिहायला लागली, पुन्हा थांबली. त्या वेळात माझा सबंध पेनसंग्रह मोजून झाला असता. सही झाली. वर-खाली, शेवटी जरा घसरलेली.

मॅडमनी एकदाच स्क्रीनकडे बघितलं आणि शिक्का मारला.

परतताना आईनं बाजारात रिक्षा थांबवली. आधी लुगडं घेतलं, मग चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, घेतल्या. घासाघीस करताना ती अगदी पूर्वीसारखी दिसत होती. संध्याकाळी ती ओट्यापाशी चिंबोऱ्या साफ करत होती आणि मी दारात तोंड पाडून उभा होतो. तिनं इकडेतिकडे बघितलं.

"तुजा तो पेन दे."

"कशाला? शाई संपत आलीय त्यातली."

"म्हनूनच माग्तंय."

दिला. तिनं नांगी ओट्यावर ठेवली आणि पेनाचं बूड त्यावर बेतानं हाणलं. नांगी तडकली, आतलं मांस अखंड राहिलं. आमच्या ग्रुपवर ह्या पेनाचं वर्णन 'हातात घेताच फरक जाणवतो' असं होतं. आईचा हात जराही हलत नव्हता.

"आई," मी न राहवून म्हटलं, "पण त्या पेननं सही किती सुंदर आली होती. नवी रेकॉर्डला दिली असतीस तर काय बिघडलं असतं? एक रेघ हलत नव्हती."

तिनं दुसरी नांगी घेतली.

"तुज्या आज्याचा अंगठा त्या साहेबानं धरला नं दाबला कागदावं. मी दारान उबी व्हते. जरा पन हालला नाय." तिनं पेन वर उचलला. "माजी सही हालतंय तं हालू दे. मना कोन धरला तं नाय."

आणि नांगीवर पेन हाणला.